चमकी पानावर उडवा, फोटोवर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत शिमर स्प्रे (चमकीचा फवारा) आणि मास्क (पानाचा काही भाग झाकणारा कापलेला आकार) वापरून स्क्रॅपबुकची पानं कशी सजवायची, याचा अर्ध्या पानाचा मजकूर आला होता. पुण्या-मुंबईच्या पोरी करतात ते आपल्याकडच्या पोरींनीही करून बघावं, असा हेतू असणार. त्याबद्दल काही म्हणणं नाही. चित्रंही झकास होती. तक्रार आहे ती कृतीतल्या एका ओळीची. फोटो चिकटवून झाल्यावर त्याच्या भोवतीने स्प्रे मारावा, असं त्यात सांगितलंय. हा क्रम नेमका उलटा आहे. आधी स्प्रे, मग पान खडखडीत वाळू द्यायचं, आणि फोटो सगळ्यात शेवटी. एवढं सांगायला चार ओळी पुरल्या असत्या. पण कारण सांगितल्याशिवाय कुणी ऐकत नाही, हे काउंटरवर बसून कळलंय. म्हणून पत्र लांबणार. जागेप्रमाणे कात्री लावा.

अमळनेरात आमचा फोटो स्टुडिओ आहे. सासऱ्यांनी थाटला, पुढे मिस्टरांनी चालवला, आता मुलगा बघतो. रिटचिंग आणि अल्बम बांधायचं काम मी या घरात आले तेव्हापासून माझ्याकडे. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग बुजवायचे, ब्लॅक अँड व्हाइट फोटोला हाताने रंग भरायचा, काळ्या पानांच्या अल्बममध्ये कोपरे लावून फोटो बसवायचे, हे सगळं केलेलं आहे. आता कॉम्प्युटर आला, पण लोक फुटलेले, चिकटलेले, बुरशी लागलेले जुने फोटो घेऊन अजून माझ्याकडेच येतात. मागे एक बाई आली. मुलाला शाळेत 'माझे कुटुंब' असा प्रकल्प दिलेला. मुलाने आजोबांचा मिलच्या गेटसमोरचा ग्रुप फोटो वहीत चिकटवला आणि वरून सोनेरी फवारा मारला. मागच्या रांगेतली निम्मी माणसं ठिपक्यांखाली गेली. पुसलं तर निघेल म्हणून तिने ओल्या फडक्याने पुसलं, तेव्हा चमकी राहिली आणि आजोबांचा फेटा निघून आला. "ताई, हाऊ फोटू पुन्हा चांगला व्हई का?" असं ती विचारत होती. स्कॅन करून मुलाने कॉपी बऱ्यापैकी सुधारून दिली. मूळ फोटो मात्र गेला तो गेलाच, आणि निगेटिव्ह कुणाकडेही नव्हती.

असं का होतं? लॅबमध्ये धुतलेल्या फोटोवर जिलेटिनचा पातळ थर असतो. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोत त्या थरात चांदीचे सूक्ष्म कण असतात, रंगीत फोटोत रंगद्रव्य. जिलेटिन पाणी पितं आणि फुगतं. फुगलेलं असताना त्याला बोट लागलं तरी ओरखडा उठतो. डार्करूममध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा. शिमर स्प्रे म्हणजे मुख्यतः पाणी. त्यात रंग, थोडा डिंक किंवा तसलाच चिकट पदार्थ, आणि अभ्रकाचा भुगा. पाण्याने थर फुगतो, डिंक त्यात अभ्रक धरून ठेवतो आणि वाळलं की ते एकजीव होतं. पुसाल तर चमकी एकटी येत नाही, चित्र घेऊनच येते. इंकजेट प्रिंटरवर काढलेल्या साध्या प्रिंटचं तर बोलायलाच नको, तिची शाई थेंबासरशी पसरते.

आता मास्कबद्दल. हा शब्द ऐकून पोरींना काहीतरी विलायती वाटतं आणि त्या ऑनलाइन किट मागवतात. आमच्या धंद्यात मास्क पहिल्यापासून होते. लग्नाच्या अल्बममध्ये बदामाच्या आकारात नवरा-नवरी आणि मागे कमळाचं तळं, असे फोटो ज्यांच्या घरात आहेत त्यांनी ते एकदा काढून बघावेत. कॅमेऱ्याच्या लेन्सपुढे काळा मास्क लावायचा, त्यात मधली बदामाची जागा झाकलेली. एक एक्स्पोजर घ्यायचं. मग रीळ पुढे न सरकवता उलटा मास्क लावायचा, आता फक्त बदाम उघडा, आणि जोडप्याला उभं करून दुसरं एक्स्पोजर. रेषेला रेष जुळली तर फोटो, नाही तर बदामाच्या कडेला काळी फट. मिस्टरांच्या हातचे जुळायचे.

एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो काढायचं यंत्र, त्याखालचं काम याहून उपयोगाचं. नुसता चेहरा ठेवून मागचं पांढऱ्यात विरघळवायचं असेल तर पुठ्ठ्यात लंबगोल भोक पाडून तो पुठ्ठा लेन्स आणि कागदाच्या मधोमध धरायचा आणि सारखा हलवत राहायचा. पुठ्ठा कागदाला टेकवला की कड चाकूने कापल्यासारखी येते, वर उचलला की मऊ येते. स्प्रेचंही अगदी हेच आहे, आणि तुमच्या मजकुरात हे नव्हतं. मास्क पानावर दाबून बसवा, रेषा ठळक. पेन्सिलीच्या जाडीइतका वर उचलून ठेवा (खाली चार कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे तुकडे द्यायचे), रेषा धुरकट. एकाच पानावर दोन्ही केलं तर काही आकार पुढे येतात, काही मागे जातात. बाजारातल्या कुठल्याही तयार किटमध्ये ही सोय वेगळी मिळत नाही. ती हातातच असते.

मास्क आणि स्टेन्सिल यात पोरींचा गोंधळ होतो, तोही मिटवते. समजा, झाडाच्या पानाच्या आकारात कागद कापला, कागदाचं पान बाजूला झालं आणि मागे पानाच्या आकाराचं भोक उरलं. भोकवाला कागद ठेवून फवारलं तर रंगीत पान उमटतं, ती स्टेन्सिल. कापून निघालेलं पान ठेवून फवारलं तर भोवती रंग आणि मधे कोरं पान, तो मास्क. कापताना दोन्ही जपून ठेवायचे. कापसाच्या गाठींवर जिनिंग-प्रेसिंगमध्ये पत्र्याच्या स्टेन्सिलने मार्के मारतात, भुसावळच्या यार्डात वॅगनवर आकडे असेच घातलेले असतात, दारापुढे रांगोळीच्या जाळ्या असतात. आपल्याकडे हे रोज डोळ्यांसमोर आहे. आणि फवाऱ्याचं म्हणाल तर इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या गुहांत भिंतीवर हात टेकवून तोंडाने रंग फुंकलेले हात आहेत. त्यातल्या एकाचं वय किमान ३९,९०० वर्षं असल्याचं २०१४ साली प्रसिद्ध झालं. तिथे हात हाच मास्क.

मास्कला उत्तम वस्तू म्हणजे जुना एक्स-रे किंवा ओएचपीचं (ओव्हरहेड प्रोजेक्टरचं) पारदर्शक शीट. दोन्ही पाणी पीत नाहीत, पुसून पुन्हा वापरता येतात. एक्स-रे आधी कोमट पाण्यात भिजवून काळा थर घासून काढला तर खालच्या कागदावरचं नीट दिसतं. कागदी मास्क एका फवाऱ्यात गोळा होतो, पण एकदाच वापरायचा असेल तर चालतो. लेस, जाळीचा जुना पडदा, भाजीवाल्याची कांद्याची जाळी, हे सगळं मास्क म्हणून चालतं. झाडाचं पान वापरायचं तर ताजं नको. वहीत दाबून दोन-तीन दिवस सपाट होऊ द्यावं, कारण ताज्या पानाची शीर जाड असते, पान टेकत नाही आणि खालून रंग शिरतो.

माझी पुतणी धुळ्याला असते. श्रावणात कानबाईला, म्हणजे खानदेशातल्या या देवीच्या सणाला, घरी आली होती. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी वाजतगाजत विसर्जन, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आमच्या घरची कानबाई, तिचा सजवलेला नारळ, नथ आणि साडी, आणि मागे पाटावर मांडलेले नैवेद्याचे रोट, असा तिने मोबाइलवर फोटो काढला आणि त्याचं पान करायला बसली. मी शेजारी बसून जे करायला लावलं ते इथे लिहिते, कारण तुमच्या पुरवणीतला क्रम दुरुस्त करायचा तर तो असा हवा.

फोटो चार बाय सहा इंची. तेवढ्याच आकाराचा ओएचपीचा तुकडा कापायचा, पण चारही बाजूंनी एकेक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी. हा फोटोचा मास्क. पानावर फोटो जिथे बसणार तिथे तो ठेवायचा आणि त्यावर पाच-दहा रुपयांची नाणी ठेवून दाबायचा. चिकटपट्टी नको, निघताना कागदाचे तंतू उपटते. भोवती कपाशीची दाबलेली पानं मांडली. पाच बोटांचं ते पान मास्कला फार छान. पानाखालचा कागद काळा घेतला होता, त्याचं कारण पुढे सांगते. पहिला फवारा नेहमी रद्दीवर मारायचा, कारण नळीत साठलेला पहिला दणका थेंबाथेंबांनी येतो आणि तेच थेंब पान बिघडवतात. मग बाटली हातभर नाही, वीतभराहून थोडी अधिक अंतरावर, सरळ वरून. तिरकी धरली की फवारा मास्कच्या कडेखाली घुसतो. एकदाच भरपूर मारायचं नाही. एक हलका हात, वाळू द्यायचा, पुन्हा एक हलका हात. कडेखाली रंग शिरतो तो जास्त पाणी झाल्यामुळे. मास्क आणि कागद यांच्यातल्या फटीत पाणी आपोआप ओढलं जातं. अशा वेळी लगेच मास्क उचलू नये. ब्लॉटिंग पेपर किंवा टिश्यूने वरचं पाणी टिपावं, मग उचलावा.

पुतणीने कपाशीचं पान उचललं तेव्हा त्याच्या वरच्या बाजूला ओली चमकी तशीच होती. ते पान तिने उलटं करून शेजारच्या कोऱ्या पानावर दाबलं. शिरांसकट ठसा उमटला. फेकून द्यायच्या रंगात दुसरं पान अर्धं सजलं. मास्कचं प्लास्टिकही असंच उलटं दाबता येतं.

मग पान पंख्याखाली नाही, सपाट ओट्यावर वाळवलं. वाळल्यावर वरून कोरा कागद ठेवून त्यावर पाटा-वरवंट्यातला पाटा ठेवला, रात्रभर. ओला कागद एका बाजूने ताणला जातो म्हणून वाकतो. वजनाने सरळ होतो. साधा झेरॉक्सचा कागद असेल तर कितीही वजन ठेवा, लाटा राहतात. दोनशे जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पुढचं कार्डशीट घ्यावं, तीनशेचं असेल तर उत्तम. आर्ट पेपरसारखा गुळगुळीत चमकदार कागदही नको, त्यात पाणी मुरत नाही आणि चमकीची डबकी होतात.

सकाळी मास्कची कोरी चौकट मधोमध आणि भोवती सोनेरी-हिरवी झाक, असं पान तयार होतं. फोटो त्या कोऱ्या जागेवर बसला; एक सूत मोठा असल्यामुळे मास्कची कड झाकली गेली. आणि गोष्ट महत्त्वाची ही की फोटोच्या पाठीला रंग नाही, डिंक नाही, अभ्रक नाही. कोरा कागद आहे. चिकटवला तोही नाही, कागदाचे त्रिकोणी कोपरे घडी घालून लावले. उद्या तो फोटो काढून दुसऱ्या अल्बममध्ये लावायचा झाला तर अलगद निघेल.

पुतणीचा तर मोबाइलमधला फोटो होता, पुन्हा शंभर प्रिंट निघतील. खरी भीती घरातल्या एकुलत्या एका फोटोची आहे. तो फोटो मुळी स्क्रॅपबुकात लावूच नये. आधी स्कॅन करावा, निदान सहाशे डीपीआयला (एका इंचात सहाशे ठिपके), आणि पानावर कॉपी लावावी. मूळ फोटो लिफाफ्यात जातो, पान हवं तसं रंगवता येतं. ऑनलाइन एका किटच्या पैशात आमच्यासारख्या कुठल्याही छोट्या स्टुडिओत बऱ्याच कॉपी निघतात. (यात आमचा धंदा आहे असं कुणी म्हणेल. आहेच. पण मोबाइलने फुकटात कॉपी केली तरी माझी हरकत नाही. खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, फोटोवर चकाकी येणार नाही असा कोन धरून काढावा.)

काळ्या कागदाचं सांगते. शिमरमधली चमक रंगाची नसते, अभ्रकाची असते. अभ्रकाचे पापुद्रे फार पातळ असतात, त्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा किंवा लोखंडाच्या ऑक्साइडचा सूक्ष्म लेप देतात. टायटॅनियमच्या लेपाची जाडी बदलली की परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. पावसात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर जे रंग दिसतात त्यामागचं कारण हेच. पांढऱ्या कागदावर खालून येणारा पांढरा उजेड हा रंग धुवून टाकतो, म्हणून तिथे नुसती मोत्यासारखी झाक दिसते. काळ्यावर तोच स्प्रे निळा, जांभळा, हिरवा उठतो. सोनेरी, तांबूस छटा मात्र दोन्हीकडे दिसतात, कारण लोखंडाच्या लेपाला स्वतःचा रंग असतो. दुकानात बाटली बघून रंग ठरवू नये. कागदाच्या तुकड्यावर मारून बघावा. आणि तयार पानाचा मोबाइलवर फोटो काढून मैत्रिणींना पाठवायचा तर बाजूने उजेड पडेल असा ठेवावा. समोरून काढला तर चमक येत नाही, मग पोरी म्हणतात स्प्रे खराब निघाला.

स्प्रे खराब निघण्याचं दुसरं कारण म्हणजे न हलवणं. अभ्रक पाण्यापेक्षा जड, तळाशी बसतं. बाटली उचलली की हलवायची, दर दोन-चार फवाऱ्यांनी पुन्हा. काम झालं की तोटी काढून कोमट पाण्यात ठेवावी आणि साधं पाणी दोन-तीनदा पंप करावं, नाही तर डिंक वाळून तोटी बसते. बसलेली तोटी सुईने उकरू नये, भोक मोठं होतं आणि मग फवारा नाही, पिचकारी येते.

घरी करायचा तर अवघड काही नाही. मेकअपच्या किंवा रेझिनकामाच्या दुकानात मायका पावडर मिळते. उकळून गार केलेलं पाणी साठ मिली, त्यात अर्धा लहान चमचा पावडर, पारदर्शक डिंकाचे पाच-सहा थेंब, आणि आवडत असेल तर ड्रॉइंग इंकचा एखादा थेंब. आमच्याकडचं बोअरचं पाणी क्षारांचं, वाळल्यावर पांढरे डाग सोडतं, म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, ते अधिक बरं. मिश्रण थोडंच करावं. डिंक असल्यामुळे आठवडा-दोन आठवड्यांत बुरसतं. पावडर मिसळताना नाकाला रुमाल बांधावा. अभ्रकाची कोरडी धूळ फुप्फुसांना चांगली नाही, आणि लहान मुलांच्या हातात कोरडी पावडर देऊच नये. ओल्या फवाऱ्यालाही खिडकी उघडी हवी.

एक मात्र निक्षून सांगते. हार्डवेअरच्या दुकानातला सोनेरी स्प्रे पेंटचा डबा म्हणजे शिमर स्प्रे नव्हे. त्यात सॉल्व्हंट आणि दाबाखालचा ज्वलनशील वायू असतो. स्वयंपाकघरात गॅस चालू असताना तो फवारणं म्हणजे आगीला आमंत्रण. शाळेच्या प्रदर्शनांची पानं पोरं सर्रास याने रंगवतात.

आपल्या हवेचाही विचार पुरवणीत नव्हता. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा दुपारी स्प्रे मारून बघा. हवेत इतका कोरडेपणा असतो की बारीक थेंब पानावर पोचेपर्यंत वाळतो, डिंकाला चिकटायला ओल उरत नाही, आणि चमकी भुग्यासारखी हाताला लागते. त्या दिवसांत सकाळी लवकर बसावं किंवा बाटली जरा जवळ धरावी. कूलर चालू असेल तर मात्र विसरा. त्याच्या झोताने फवारा पानावर कमी आणि गादीवर जास्त जातो, वर हवा दमट करून पान वाळूही देत नाही. पावसाळ्यात नेमकं उलट. वरून कोरडं वाटलेलं पान आत ओलं असतं. हाताचा मागचा भाग टेकवून बघावा; गार लागलं तर ओल आहे. अशा पानावर फोटो लावून अल्बम मिटला की पावसाळा संपेपर्यंत फोटो समोरच्या पानाला चिकटून बसतो. असे चिकटलेले फोटो कोरडे ओढून सोडवू नयेत, एवढं तरी लक्षात ठेवा, जाणकाराकडे न्या.

पूर्वीच्या काळ्या अल्बममध्ये दोन पानांच्या मधे कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला पातळ बटर पेपर असायचा. तो शोभेचा नव्हता. फोटोला फोटो घासू नये, चिकटू नये, म्हणून होता. शिमरच्या पानांना तर तो हवाच हवा, कारण अभ्रकाचे कण अल्बम उघडता-मिटताना समोरच्या फोटोवर घासतात. किराणा दुकानात बेकिंगसाठीचा मिळतो तो मेणाचा किंवा सिलिकॉनचा असतो, तो नको. स्टेशनरीत ट्रेसिंग पेपर मिळतो, तो मधे घाला. आणि ते चिकट पानावर प्लास्टिक ओढायचे तयार अल्बम आहेत ना, ज्यांना मॅग्नेटिक म्हणतात, त्यांनी या भागातल्या घराघरातले फोटो खाल्लेत. गोंद पिवळा पडतो, फोटो निघत नाही, प्लास्टिक पीव्हीसीचं असेल तर त्यातून निघणारे वायू फोटो पिवळा करतात. प्लास्टिक घ्यायचंच तर पॉलिप्रोपिलीनचं किंवा पॉलिएस्टरचं. पुडक्यावर नुसतं 'अ‍ॅसिड-फ्री' लिहिलं म्हणून फोटोला चालतं असंही नाही. फोटोसाठीची वेगळी चाचणी असते, आयएसओ १८९१६, तिचा उल्लेख असेल तर खात्री. तालुक्याच्या गावात असा माल मिळत नाही, हे मान्य. म्हणून तर कॉपी लावा म्हणते.

चमकीचं एक कडू सत्य इथेच सांगून टाकते. बाजारात दोन प्रकारची चमकी आहे. एक प्लास्टिकच्या फिल्मवर ॲल्युमिनियम चढवून कापलेली, ती झाडून काढली तरी नाल्यात आणि तिथून शेतात जाते. युरोपीय संघाने अशी सुटी प्लास्टिक चमकी विकायला ऑक्टोबर २०२३ पासून बंदी घातली. दुसरी अभ्रकाची. ती मातीतून येते आणि मातीत जाते, पण झारखंडात कोडरमा-गिरिडीहच्या पट्ट्यात अभ्रक वेचायला लहान मुलं जातात हे अनेकदा उघड झालेलं आहे. बाटलीच्या मागे हे छापलेलं नसतं. आपण पोळ्याला बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावून बेगड चिकटवतो, तेवढी चमक एका सणाला पुरते. तसा हात राखून वापर करावा, एवढंच माझं म्हणणं. पानभर चमकी मारली की कानबाईची नथ दिसेनाशी होते.

शाळांना एक विनंती आपल्या मार्फत करायची आहे. 'माझे कुटुंब', 'माझे गाव' असले प्रकल्प द्या, जरूर द्या. फक्त सूचनेत एक ओळ घाला, मूळ फोटो आणू नये, झेरॉक्स किंवा कॉपी आणावी. रंगीत झेरॉक्सनेही काम भागतं. मिलचे, जत्रांचे, सखाराम महाराजांच्या रथोत्सवाचे, शेतीच्या सामानाबरोबर काढलेले घरगुती फोटो आमच्या तालुक्यात अजून खोक्यांत आहेत. मागच्या बाजूला बॉलपेनने नावं लिहू नयेत, दाबाने पुढे उठतात. मऊ पेन्सिलीने कडेला लिहावीत. आजी जिवंत असतानाच लिहून घ्यावीत. नंतर ओळखणारं कुणी उरत नाही.

आता आपल्याला विनंती. चुकीचा क्रम दुरुस्त करून छापाच, पण त्याबरोबर पुढच्या एखाद्या पुरवणीत मास्कचे आकार प्रत्यक्ष मापाने छापता येतील का ते बघा. बदाम, तारे, फुलपाखरं किटमध्ये असतात. आपल्याकडचे द्या. कपाशीचं पान, केळीचा घड, ज्वारीचं कणीस, बैलाचं शिंगं सजवलेलं तोंड, कानबाईचा मुखवटा. मुलींना तेवढाच आधार. वर्तमानपत्राचा कागद थेट मास्क म्हणून वापरता येत नाही, एका फवाऱ्यात मऊ होतो आणि त्याची शाई पानावर उतरते, म्हणून तळाशी अशी सूचना घाला: आकार ओएचपी शीटखाली ठेवून वरून मार्करने गिरवावा आणि टोकदार कटरने कापावा, कापताना खाली जुनी काच किंवा जाड पुठ्ठा घ्यावा. आकाराच्या रेषा मात्र जरा जाड आणि साध्या ठेवा, फार बारीक नक्षी घरच्या कटरने कापली जात नाही, मधले पूल तुटतात.

कळावे,
आपली,
एक फोटो स्टुडिओवाली वाचक
अमळनेर, जि. जळगाव